‘करिअर सोडून आईपण’ या विषयावर पुरवणीचा लेख लिहायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या एका दैनिकाच्या महिला पुरवणीसाठी मातृदिनानिमित्त ९०० शब्दांचा लेख हवा आहे, ‘उच्चशिक्षित असूनही करिअरपेक्षा आईपण निवडणाऱ्या’ बायकांवर. तिघी ठरल्या आहेत. हिंजवडीची नोकरी सोडून सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात परतलेली इंजिनिअर, सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवणारी नेट उत्तीर्ण प्राध्यापिका आणि खासगी रुग्णालयातली रात्रपाळी सोडलेली बीएएमएस डॉक्टर. संपादकांना ‘काहीतरी प्रेरणादायी’ हवंय. मैत्रिणीने बजावलंय, बायकांना पुन्हा चुलीपुढे बसवू नका. सूर कोणता लावू, आणि छापण्याआधी त्यांना लेख दाखवू का, असं तुम्ही विचारताय.

सुराची चिंता आत्ता वाटतेय, कारण हातात अजून मजकूर आलेला नाही. तीन बायकांची तीन कारणं एवढंच वहीत असलं की लेख सुरावरच उभा करावा लागतो. मग तो एक तर आरती ओवाळतो, नाही तर कान उपटतो. मे महिन्यात पुरवणीच्या टेबलावर असे लेख ढिगाने येतात आणि बहुतेकांत एकच गोष्ट नसते: नोकरी नेमकी कोणत्या महिन्यात, काय घडल्यावर, किती पगारावर सुटली. ती माहिती आली की सूर आपोआप खाली येतो. म्हणून मी सुराबद्दल कमी आणि वहीबद्दल जास्त बोलणार आहे.

काही गोष्टी तुमच्या तिघींवर अवलंबून आहेत, त्या इथून सांगता येणार नाहीत. त्या नाव छापू देतील का, आकडे सांगतील का, घरी एकटं बोलायला मिळेल का, आणि मुख्य म्हणजे त्या खरंच समाधानी आहेत का. समाधानी असतील तर तसंच लिहा. समाधानी बाईला उगाच बिचारी करून टाकणं हाही आळसच. त्याला पुरोगामी म्हणतात इतकंच.

पहिल्या भेटीत ‘नोकरी का सोडली?’ हा प्रश्न विचारू नका. ती बाई हे उत्तर दोन वर्षं नातेवाइकांना, शेजारणींना, जुन्या सहकाऱ्यांना देत आली आहे. ते घासून गुळगुळीत झालंय: ‘बाळासाठी’. ते खोटं नसतं, पण त्यातून लेखाला काही मिळत नाही. त्याऐवजी वहीचं पान आडवं धरा आणि रकाने पाडा. महिना, बाळाचं वय, घरात बाळाजवळ कोण, कामाचे तास, घरी येणारी रक्कम, कामाच्या ठिकाणी काय मागितलं, काय उत्तर मिळालं. गरोदरपणाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यापासून राजीनाम्यानंतर सहा महिन्यांपर्यंत हे भरत जा. शेवटचे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे. तोंडी मागितलं की मेल केला, उत्तर लेखी आलं की ‘बघू’ म्हणाले, हेही लिहा.

इंजिनिअर बाईंचं पान कसं भरेल ते बघा. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली आणि २०२५ मध्ये त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. कामाच्या ठिकाणी १० किंवा जास्त माणसं हवीत आणि आधीच्या १२ महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं हवं. या २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पुण्याहून शेवटच्या महिन्यात प्रवास नको म्हणून मुलगी आधीच येते आणि ते ८ आठवडे पुरे वापरले जातात. उरले १८. म्हणजे रजा संपते तेव्हा बाळ चार महिन्यांचं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या असं डॉक्टर सांगतात. मधले दोन महिने कुठून आणायचे, या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नसतं. लेख इथे आहे. ‘आईचं काळीज’ या सदराखाली जे छापलं जातं, ते पुष्कळदा या दोन महिन्यांचं गणित असतं.

आता पुढचे प्रश्न. त्याच दुरुस्तीने ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. कंपनीचं पाळणाघर होतं का? असलं तर चार महिन्यांचं बाळ घेत होते का, की दीड-दोन वर्षांच्या पुढचंच? रजेनंतर घरून काम करण्याची तरतूदही कायद्यात आहे, पण ती दोघांच्या संमतीने. तशी मागणी केली होती का? ‘नाही केली’ असं उत्तर आलं तर लगेच दोष देऊ नका. टीममध्ये आधी कोणी मागितली होती, तिचं काय झालं, ते विचारा. तिथून बाई मोकळी बोलायला लागते, कारण आता गोष्ट दुसरीची असते.

या बाईंच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे, तो सोलापुरात बसून लिहिणाऱ्याने चुकवूच नये: हीच नोकरी, याच पगाराची, होटगी रोडला असती तर? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मग कशाला सोडली असती!’ म्हणजे तुमच्या लेखाचा विषय करिअर की आईपण हा राहतच नाही, सोलापूर की पुणे हा होतो. समजा, नवऱ्याचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, सासूसासरे इथे, बाळाला बघणारं माणूस इथे, आणि नोकरी अडीचशे किलोमीटरवर. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली तरी एका बाजूचे चार तास. इथली मुलंमुली इंजिनिअरिंग करून पुण्याला जातात, कारण त्या शिक्षणाला साजेशा नोकऱ्या इथे मोजक्या. मुलगा परतला तर ‘गावाला काम नाही’ अशी बातमी होते, मुलगी परतली तर ‘मातृत्वाला प्राधान्य’. दोन्ही माणसं एकाच कारणाने परतलेली असू शकतात.

प्राध्यापिकेच्या बाबतीत वेगळी काळजी घ्या. सीएचबी म्हणजे घड्याळी तासिका. तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर नाही. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. समजा बाळ ऑक्टोबरमध्ये झालं. दुसऱ्या सत्रात तास घेता आले नाहीत, जूनमध्ये यादी लागली, तास दुसऱ्याला गेले. इथे राजीनामा कुठेच नाही. ‘प्राध्यापकी सोडली’ असं छापलंत तर ती तथ्याची चूक होईल, कारण सोडण्याजोगी नोकरी तिला कोणी दिलीच नव्हती. याच शहरात, कदाचित त्याच कॉलेजात, कायम पदावर असलेल्या बाईला १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते. दोघींची पात्रता सारखी, वर्ग सारखे, विषयही सारखा असू शकतो. दोघींची कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवलीत की अग्रलेखाची गरज उरत नाही.

डॉक्टरांना आधी विचारा, हजेरीपटावर नाव होतं का, पगार खात्यात जमा व्हायचा की पाकिटातून मिळायचा. लहान रुग्णालयात आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून रात्री आठ ते सकाळी आठ बसणाऱ्या अनेकींकडे नेमणूकपत्र नसतं. मग रजेचा अर्ज कोणाकडे करायचा? पगार २१,००० रुपयांच्या आत असून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जात असेल, तर प्रसूतीचा लाभ विमा महामंडळ देतं. तसं नसेल तर २६ आठवड्यांचा पगार मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा. दहा-पंधरा माणसांच्या रुग्णालयाला तो जड जातो आणि मग मुलाखतीत ‘लग्न झालंय का, मुलं किती’ हे प्रश्न येतात. मालकाचीही बाजू विचारून घ्या. ती घेतल्याने लेख मवाळ होत नाही, उलट कोण कुठे अडकलंय ते दिसतं.

आता पैशाचं गणित. हे गणित तिघींच्या घरी कधी ना कधी झालेलं असतं आणि जवळपास नेहमी एकाच पद्धतीने चुकीचं झालेलं असतं. समजा तिचा पगार हातात ३२,०००, त्याचा ४५,०००. पाळणाघर १०,०००, कामाला बाई ४,०००, जाण्यायेण्याचा जादा खर्च ३,०००. एकूण १७,०००. घरात बोललं जातं: ‘तुझ्या पगारातले १७ गेले, उरले १५. एवढ्यासाठी जिवाची ओढाताण कशाला?’ इथे सगळा खर्च तिच्या एकटीच्या पगारातून वजा झाला. मूल दोघांचं, तर खर्च ७७,००० मधून वजा व्हायला हवा. तिच्या पगाराचा निम्म्याहून जास्त वाटणारा तोच खर्च घराच्या उत्पन्नाचा २२ टक्के निघतो.

दुसरी चूक, न दिसणारे पैसे धरलेच जात नाहीत. मूळ पगार १५,००० धरला तर भविष्य निर्वाह निधी आणि त्याच्या पेन्शन योजनेत मिळून महिन्याला तिचे १,८०० आणि मालकाचे १,८००, म्हणजे वर्षाला ४३,२०० रुपये. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग सेवा लागते आणि प्रसूती रजेचा काळ त्या सेवेत धरला जातो. बाई चार वर्षं दोन महिन्यांवर राजीनामा देत असेल तर काय सुटतंय हे तिला कोणी सांगितलं होतं का, विचारा. शिवाय पाळणाघराचा खर्च तीन-चार वर्षांचा, थांबलेली पगारवाढ पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची. हा हिशेब मांडून ‘तरीही मी घरीच राहिले असते’ असं ती म्हणाली, तर तिचं म्हणणं खूप वजनदार होतं. ते वाक्य जसंच्या तसं छापा.

नवऱ्यालाही बोलतं करा, पण वेगळं. ‘तुम्ही पाठिंबा कसा दिलात’ हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. त्याऐवजी बाळाच्या पहिल्या वर्षात किती दिवस रजा घेतली, लसीकरणाला कोण गेलं, रात्री दोनला कोण उठायचं, ते विचारा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. हे वाक्य लेखात कुठेतरी यायलाच हवं, कारण ‘निवड’ फक्त तिच्यापुढे का आली याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

मुलाखतीची वेळ. घरी गेलात तर पहिल्या भेटीत सासूबाई शेजारी बसणार, पोहे येणार आणि सगळं छान असणार. ते होऊ द्या, घर बघून घ्या. खरं बोलणं दुसऱ्या खेपेला फोनवर होतं, दुपारी दोन ते चारच्या मध्ये, बाळ झोपलेलं असताना. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील आणि तुम्हाला ती भाषा थोडी येत असेल तर वापरा. पेपरवाल्यांशी बोलायचं मराठी थोडं इस्त्रीचं असतं.

संपादक आकडे मागतील. दोन सरकारी पाहण्या कामाच्या आहेत आणि दोन्ही सर्रास चुकीच्या वापरल्या जातात. श्रमबल पाहणीप्रमाणे १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. यावरून ‘बायका जोमाने नोकरीत’ असा मथळा काढू नका. ग्रामीण आकडा २४.६ वरून ४७.६ वर गेला, शहरी फक्त २०.४ वरून २८ वर. ग्रामीण वाढीत घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी हातभार लावणाऱ्या बायकांचा मोठा वाटा आहे. त्यामुळे तुमच्या इंजिनिअर बाई उद्या नवऱ्याच्या कारखान्याची बिलं बिनपगारी बघू लागल्या तर पाहणीत त्या ‘कामात’ मोजल्या जातील आणि तुमच्या लेखात मात्र ‘करिअर सोडलेल्या’ असतील. देशाचा आकडा सोलापूरला चिकटवू नका, हे तर आलंच.

वेळ-वापर पाहणीचंही तसंच. २०२४ च्या पाहणीत बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. पण हे आकडे त्या दिवशी घरकाम केलेल्यांचे आहेत, सगळ्यांचे नाहीत. घरकामाला हातच न लावलेले पुरुष ८८ मिनिटांच्या हिशेबात येत नाहीत, आणि असे पुरुष थोडेथोडके नाहीत. २०१९ च्या पाहणीत घरकाम केलेले पुरुष २६ टक्क्यांच्या आसपास होते.

तीन बायकांवरून ‘वाढता कल’ लिहायचा मोह आवरा. हा मोह जगभर महागात पडलाय. न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या पुरवणीने २००३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रिन्स्टनमध्ये शिकलेल्या काही सुस्थितीतल्या स्त्रियांवरून, शिकलेल्या बायका आपणहून घरी परतताहेत असं चित्र रंगवलं. २००५ मध्ये त्याच दैनिकाने येल विद्यापीठातल्या मुलींना ई-मेलवर प्रश्न पाठवले आणि १३८ उत्तरांवरून पहिल्या पानाची बातमी केली: सुमारे ६० टक्के मुली म्हणतात, मुलं झाल्यावर काम कमी करू किंवा थांबवू. यात दोष किती बघा. नोकरीही न लागलेल्या विद्यार्थिनींचा इरादा विचारला, आणि काम कमी करणाऱ्या व पूर्ण थांबवणाऱ्या एकाच टक्क्यात घातल्या. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विधी महाविद्यालयाच्या केंद्राने १९८० पासूनचे असे ११९ लेख तपासले. निष्कर्ष असा की घराची ओढ रंगवून सांगितली जाते, कामाच्या ठिकाणचे धक्के गाळले जातात. पुढे २०१३ मध्ये त्याच पुरवणीने नोकरी सोडलेल्या स्त्रियांना दहा वर्षांनी गाठलं, तेव्हा कामावर परतायची धडपड करणाऱ्या कितीतरी भेटल्या. तुम्हीही वहीवर तारीख टाकून ठेवा. बाळं शाळेत जायला लागली की याच तिघींचा दुसरा लेख तयार असेल आणि तो पहिल्यापेक्षा चांगला होईल.

‘उच्चशिक्षित असूनही’ या संपादकांच्या कल्पनेमागे जुना इतिहास आहे. १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हाही चांगली पत्नी आणि चांगली आई घडवणं हा शिक्षणाचा एक जाहीर हेतू होता. पुढे ‘शिकलेली आई घर पुढे नेई’ भिंतीभिंतीवर रंगवलं गेलं. त्यामुळे पदवी आईपणाला खर्ची पडली तर आपल्या वाचकाला धक्का बसत नाही, कौतुक वाटतं. ते कौतुक मोडायला जाऊ नका. कॅलेंडर समोर ठेवा, वाचक हुशार असतो.

आणि सोलापुरात हा लेख लिहिताना पूर्व भाग वगळून कसं चालेल? कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत किंवा अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांत बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. सुपात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू, बोटाला दोरा, पायाने पाळण्याची दोरी. मजुरी हजार विड्यांवर, आणि खराब ठरलेल्या विड्या वजा. बाळ रडून उठलं की त्या दिवसाच्या विड्या कमी भरतात. तिचं आईपण आणि तिची कमाई एकाच मांडीवर असते, म्हणून तिच्यावर ‘निवड’ नावाचा लेख कधी येत नाही. गंमत अशी की १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारीलाही मातृत्व लाभाच्या कक्षेत आणलं होतं. मिळतो किती जणींना, ती वेगळी बातमी. ९०० पैकी दीडशे शब्द तिला द्या, पण उपदेशासाठी तिचा वापर नको. तिलाही तेच रकाने भरायला लावा.

मथळा ‘करिअरला रामराम, आईपणाला सलाम’ छापाचा सुचवला जाईल. त्याआधीच आपले दोन देऊन टाका, उदाहरणार्थ ‘२६ आठवडे संपले, पुढे?’. रिकामी जागा दिसली की डेस्क यमक जुळवतं. फोटोही आधी ठरवा. नवी साडी, सोफा, मांडीवर बाळ आणि मागे भिंतीवर पदवी, हा फोटो टाळायचा असेल तर छायाचित्रकाराला संध्याकाळी सहाला पाठवा, घर ज्या वेळी खरंच चालू असतं तेव्हा. बाळाचा चेहरा नको. आईची परवानगी असली तरी नको.

राहिला लेख दाखवण्याचा प्रश्न. पूर्ण मजकूर पाठवू नका. तो घरात चार हातांतून फिरतो आणि ‘सासूबाईंचा उल्लेख जरा बदला’ असा निरोप येतो. त्यांची अवतरणं, तारखा, हुद्दे आणि सगळ्या रकमा फोनवर वाचून दाखवा, आणि तेव्हा बाई एकट्या आहेत ना हे विचारून घ्या. पगाराचा आकडा काढा म्हणाल्या तर निमूट काढा आणि प्रमाण लिहा: पाळणाघराला तिच्या पगाराचा तिसरा हिस्सा, घराच्या उत्पन्नाचा आठवा. कंपनीचं किंवा कॉलेजचं नाव नको म्हणाल्या तरी हरकत नाही, शहर आणि क्षेत्र पुरे. मात्र ‘रजा वाढवून मागितली होती, नाकारली’ हे काढा म्हणाल्या तर आधी कारण विचारा. पुन्हा तिथेच अर्ज करायचा विचार असेल तर काढा. नुसता संकोच असेल तर थोडं समजावून बघा, कारण ते वाक्य गेलं की लेख पुन्हा ‘बाळासाठी’वर येतो.